एफएमजीई पुन्हा पुन्हा हुकल्यावर: नोंदणी नसलेल्या वैद्यकीय पदवीचे काय करता येते

प्रश्न विचारणाऱ्या भगिनी जालना जिल्ह्यातल्या आहेत. २०१३ साली त्या किर्गिझस्तानला गेल्या, २०१९ मध्ये पदवी घेऊन परतल्या आणि तेव्हापासून परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीची चाळणी परीक्षा, म्हणजे एफएमजीई, त्यांनी सात वेळा दिली. शेवटच्या चार प्रयत्नांतले त्यांचे गुण ११८, १३१, १२६ आणि १२९ असे आहेत. सध्या त्या तालुक्याच्या गावी एका खासगी रुग्णालयात रात्रपाळीला ‘असिस्टंट’ म्हणून काम करतात, वय एकतीस आहे आणि शिक्षणासाठी काढलेले कर्ज अजून फिटलेले नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: परीक्षा आणखी द्यावी का, दुसऱ्या देशाची परीक्षा देऊन मार्ग निघेल का, आणि नोंदणी नसताना या पदवीवर काय करता येईल.

माझी स्वतःची पदवी इथलीच आहे, त्यामुळे ही परीक्षा मी दिलेली नाही. पण रुग्णालय प्रशासन आणि त्यानंतर औषधसुरक्षा या क्षेत्रांतल्या चोवीस वर्षांत अशा पदवीधरांच्या मुलाखती मी मोठ्या संख्येने घेतल्या, त्यांतल्या काहींना कामावर घेतले आणि अनेकांशी नंतरही संपर्क राहिला. त्या अनुभवावरून लिहितो. तुम्ही प्रश्न ज्या क्रमाने विचारलेत त्या क्रमाने मात्र उत्तर देत नाही, कारण ज्याबद्दल तुम्ही विचारलेच नाही ती गोष्ट, म्हणजे तुमची आजची नोकरी, माझ्या मते सर्वांत तातडीची आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा २०१९ याच्या ३४ व्या कलमानुसार राज्य किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीला वैद्यकीय व्यवसाय करता येत नाही, आणि तो केल्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रुग्णालयाने तुमचे पद ‘असिस्टंट’ असे लिहिले आहे की ‘क्लिनिकल को-ऑर्डिनेटर’, याने काहीही बदलत नाही. रात्री दोन वाजता छातीत दुखणाऱ्या रुग्णाला कोणी तपासले, औषध कोणी लिहिले आणि केसपेपरवर अक्षर कोणाचे आहे, एवढेच चौकशीत पाहिले जाते. मी प्रशासनात नवा असताना ज्या रुग्णालयात होतो, तिथे असाच एक हुशार, कष्टाळू मुलगा रात्री अतिदक्षता विभाग सांभाळत असे. एका रात्री एका रुग्णाची प्रकृती बिघडली, मोठे डॉक्टर फोनवर सूचना देत राहिले, रुग्ण दगावला आणि नातेवाईक पोलिसांत गेले. रुग्णालयाने दुसऱ्याच दिवशी सांगितले की हा मुलगा आमच्याकडे डॉक्टर म्हणून नेमलेलाच नव्हता. कागदोपत्री ते खरेही होते. नोंदणी नसलेल्या माणसाला तिथे ठेवले आहे हे मला ठाऊक होते आणि मी बोललो नव्हतो. त्याची खंत मला आजही आहे, आणि या विषयावर मी इतक्या आग्रहाने लिहितो त्याचे ते एक कारण आहे.

या नोकरीचा दुसरा तोटा कमी नाट्यमय आहे, पण त्यानेच अधिक आयुष्ये अडकतात. हे काम मोजले जात नाही. नोंदणीविना केलेल्या रुग्णसेवेचा अनुभव कोणतीही वैद्यकीय परिषद, कोणताही देश किंवा कोणतेही चांगले रुग्णालय अनुभव म्हणून धरत नाही, आणि त्याचे प्रमाणपत्र मिळालेच तर ते तुमच्याच विरुद्धचा पुरावा ठरते. रात्रपाळीने झोप जाते, झोपेबरोबर अभ्यास जातो, अभ्यास गेल्याने पुढचा प्रयत्न हुकतो, आणि तो हुकल्याने रात्रपाळी चालू राहते. तुमची सहा वर्षे याच चक्रात गेली आहेत असे तुमच्या पत्रावरून दिसते. म्हणून बाकी काहीही ठरण्याआधी रुग्ण तपासण्याचे आणि औषध लिहिण्याचे काम थांबवा. त्याच रुग्णालयात राहायचे असेल तर विमा, नोंदी किंवा गुणवत्ता विभागात बदली मागा. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

याच ओघात एक इशारा. ‘परिषदेत आपला माणूस आहे’ असे सांगणारे भेटतात. डिसेंबर २०२२ मध्ये सीबीआयने चौदा राज्य वैद्यकीय परिषदा आणि ७३ परदेशी पदवीधर यांच्यासंबंधी गुन्हा नोंदवून देशभर नव्वदहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या, त्या चाळणी परीक्षा उत्तीर्ण न होता मिळवलेल्या नोंदणीच्याच प्रकरणात. तसेच सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे कोणते तरी ‘प्राथमिक आरोग्यसेवा’ प्रमाणपत्र घेऊन दवाखाना टाकता येतो असे सांगितले जाते. असल्या प्रमाणपत्राने नोंदणीकृत डॉक्टरांची जागा घेता येत नाही.

आता परीक्षेविषयी. पत्रात तुम्ही लिहिले आहे की ‘दोनदा तर फक्त वीसेक गुणांनी गेले’. हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे आणि ते दिशाभूल करणारे आहे, म्हणून थोडा हिशेब मांडतो. दोन भागांत मिळून तीनशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, चुकीच्या उत्तराला दंड नाही, आणि उत्तीर्ण होण्यासाठी दीडशे गुण. काहीही न वाचता सगळी उत्तरे अंदाजाने भरली तरी सरासरी ७५ गुण पडतात. म्हणजे १२९ गुणांचा अर्थ ढोबळमानाने असा होतो की ७२ प्रश्न तुम्हाला खात्रीने आले आणि उरलेल्या २२८ पैकी चौथा हिस्सा, म्हणजे ५७, अंदाजाने जुळले. दीडशेला पोचण्यासाठी मात्र शंभर प्रश्न खात्रीचे लागतात, कारण उरलेल्या दोनशेतून पन्नास मिळतात. तुमची तूट एकवीस गुणांची नसून खात्रीच्या अठ्ठावीस प्रश्नांची आहे, आणि बहात्तरवर अठ्ठावीस म्हणजे आजच्या पक्क्या ज्ञानात जवळजवळ चाळीस टक्क्यांची भर. दोन पर्याय गाळून अंदाज करण्याइतपत अर्धवट माहिती अनेक प्रश्नांत असते, ती धरली तर पक्के प्रश्न याहूनही कमी निघतील.

याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की सव्वादोनशे प्रश्न अंदाजाने सोडवले तर निव्वळ नशिबाने सहा-सात गुण वर किंवा खाली होणे अगदी साहजिक आहे. त्यामुळे १३१, १२६ आणि १२९ या तीन आकड्यांत प्रगतीही नाही आणि घसरणही नाही. हे तीन वेळा दिलेले एकच उत्तर आहे: अभ्यासाची पद्धत तीच राहिली. ‘या वेळी पेपर अवघड होता’ किंवा ‘या वेळी थोडक्यात हुकले’ या दोन्ही समजुती सोडून द्या.

ही परीक्षा खरोखर कठीण आहे हे मी मान्य करतो. २००२ पासून ती आहे, प्रयत्नांची मर्यादा नाही, आणि अलीकडच्या बहुतेक सत्रांत बसलेल्या दहा उमेदवारांपैकी एक ते तीनच उत्तीर्ण होत आले आहेत. याचे खापर केवळ विद्यार्थ्यांवर फोडणे मला अन्यायाचे वाटते. अनेक परदेशी विद्यापीठांत भारतीय विद्यार्थ्यांना रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहायला मिळते ते भाषा न कळणाऱ्या प्रेक्षकासारखे. रुग्ण रशियन किंवा किर्गिझ बोलतो, आजाराची माहिती (‘हिस्टरी’) शिक्षकच विचारून घेतात आणि वहीत त्याचा सारांश येतो. शिवाय परीक्षेतले काही विषय तिथे शिकवलेच जात नाहीत. सामाजिक वैद्यकशास्त्राला तीस गुण आहेत आणि त्यांतला मोठा भाग भारतातले लसीकरण वेळापत्रक, क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम, प्राथमिक आरोग्य केंद्रांची रचना यांवर असतो. न्यायवैद्यकाला दहा गुण आहेत आणि तेही भारतीय कायद्यावर. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने तुमच्याकडच्या जुन्या टिपणांतली कलमे आता उपयोगाची नाहीत. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन यांना प्रत्येकी सतरा गुण, म्हणजे एकूण एक्कावन्न. वर्षानुवर्षे परीक्षा देणारे लोक मेडिसिन आणि सर्जरीतच पुन्हा पुन्हा बुडी मारतात, कारण ते विषय ‘खऱ्या डॉक्टरकीचे’ वाटतात. मला भेटलेल्यांपैकी सहाव्या-सातव्या प्रयत्नात जे सुटले, त्यांतल्या बहुतेकांनी सामाजिक वैद्यकशास्त्र, स्त्रीरोग-प्रसूती, आणि नाक-कान-घसा, नेत्र व बालरोग हे पंधरा-पंधरा गुणांचे तीन विषय आधी पक्के केले होते.

म्हणून ‘आणखी द्यावी का’ या प्रश्नाला माझे उत्तर सशर्त होकारार्थी आहे. पुढच्या चार महिन्यांत वेळ लावून, दोन्ही भाग एकाच दिवशी, तीन पूर्ण सराव परीक्षा द्या आणि प्रत्येक प्रश्नापुढे ‘खात्री’ किंवा ‘अंदाज’ अशी खूण करा. गुण मोजण्याआधी खात्रीच्या खुणा मोजा आणि त्यांतली किती उत्तरे खरेच बरोबर निघाली ते पाहा. हा आकडा तीनही वेळा ११५ च्या वर असेल तर अर्ज भरा. नसेल तर ते सत्र सोडून द्या. केवळ मुदत आली म्हणून आणि घरच्यांना ‘फॉर्म भरला’ असे सांगता यावे म्हणून परीक्षेला बसणे बंद करा. असे गंभीर प्रयत्न जास्तीत जास्त दोन, आणि त्यानंतर हा दरवाजा बंद, असे स्वतःच्या हाताने लिहून तारीख घाला. उत्तीर्ण झालात तरी बारा महिन्यांची आंतरवासिता (इंटर्नशिप) आणि त्यानंतरची कायम नोंदणी हा काळ पुढे उभा आहे, हे वयाच्या हिशेबात धरा. तुम्ही २०१३ साली प्रवेश घेतलेला असल्याने १८ नोव्हेंबर २०२१ नंतर प्रवेश घेतलेल्यांना लागू होणारे नवे नियम तुम्हाला लागू नाहीत. पण परदेशी शिकायला जाण्यासाठीचे त्या काळातले पात्रता प्रमाणपत्र (‘एलिजिबिलिटी सर्टिफिकेट’) तुमच्याकडे आहे ना, हे आजच कपाट उघडून पाहा.

दुसऱ्या देशाची परीक्षा हा मार्ग पळवाटेसारखा दिसतो, पण तसा तो नाही. आखाती देशांत सामान्य डॉक्टर म्हणून परवान्यासाठी सहसा मायदेशातली वैध नोंदणी, आंतरवासिता आणि त्यानंतरचा अनुभव मागितला जातो. यांतले काहीच नसताना तिथल्या परीक्षेच्या शिकवणीला पैसे भरलेले लोक मला भेटले आहेत. परदेशी डॉक्टरांसाठीच्या ब्रिटनच्या प्लॅब परीक्षेचा पहिला भाग १८० प्रश्नांचा असतो, दुसरा मँचेस्टरला जाऊन द्यावा लागतो, प्रयत्नांना मर्यादा आहे आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण साडेसात व प्रत्येक विभागात किमान सात असा निकष आहे. दोन्ही भाग उत्तीर्ण होऊनही पहिली नोकरी मिळणे तिथे अलीकडे फार अवघड झाले आहे. अमेरिकेच्या यूएसएमएलई या डॉक्टरांच्या परवाना परीक्षेला भारतीय नोंदणी लागत नाही हे खरे, पण २०२१ पासून प्रत्येक टप्प्याला चारच प्रयत्न मिळतात, अपयश गुणपत्रिकेवर कायम राहते आणि पदवीला जितकी वर्षे उलटतात तितकी रेसिडेन्सीची, म्हणजे तिथल्या रुग्णालयात प्रशिक्षणाची जागा मिळण्याची, शक्यता घटते. एफएमजीईत ज्याचे शंभर प्रश्न पक्के होत नाहीत त्याने या परीक्षेवर कर्ज काढू नये, असे मी स्पष्ट सांगतो.

जर्मनीबद्दल वेगळे लिहितो, कारण तिथे प्रश्न स्मरणशक्तीपेक्षा चिकाटीचा आहे. तिथे सर्वसाधारण जर्मन भाषेची बी-टू पातळी, त्यानंतर वैद्यकीय भाषेची परीक्षा आणि पदवी समकक्ष न ठरल्यास तोंडी-प्रात्यक्षिक ज्ञानपरीक्षा असा क्रम असतो. ज्ञानपरीक्षा पुन्हा देता येते, पण दोनदाच. बहुपर्यायी प्रश्नांत घाबरणारी पण रुग्णाविषयी नीट बोलू शकणारी काही मुले या मार्गाने मार्गी लागली आहेत. भाषेला दीड-दोन वर्षे पूर्ण वेळ द्यावी लागतात आणि तुमच्या पदवीची कागदपत्रे तिथल्या राज्याच्या कार्यालयाला मान्य होतील का हे आधी त्यांनाच लिहून विचारावे लागते. पुण्यात किंवा मुंबईत राहून जर्मन शिकण्याची तुमची तयारी असेल, तरच हा पर्याय यादीत ठेवा.

आता तिसरा प्रश्न, ज्यावर मला सर्वांत जास्त लिहायचे आहे. वैद्यकीय ज्ञान लागते पण वैद्यकीय निर्णयाची कायदेशीर जबाबदारी दुसऱ्या नोंदणीकृत डॉक्टरवर असते, अशी कामे गेल्या वीस वर्षांत खूप वाढली आहेत, आणि त्यांतली बरीच पुणे, मुंबई, हैदराबाद आणि बंगळूर इथे आहेत.

तुमच्यासाठी मी पहिले नाव घेईन ते क्लिनिकल रिसर्च को-ऑर्डिनेटरचे. एखाद्या औषधाची चाचणी रुग्णालयात चालते तेव्हा प्रमुख संशोधक हा नोंदणीकृत डॉक्टर असतो. को-ऑर्डिनेटर रुग्णांची निवड निकषांत बसते का ते तपासतो, भेटींच्या तारखा सांभाळतो, नोंदी भरतो, आणि गंभीर प्रतिकूल घटना घडली तर चोवीस तासांच्या आत ती कळवली जाईल हे पाहतो. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी लागते आणि काही चाचण्यांत दुर्बल गटांतल्या सहभागींच्या संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरणही करावे लागते. पुण्यातल्या, नाशिकमधल्या किंवा कोल्हापुरातल्या रुग्णालयात खेड्यातून आलेल्या आजींना ‘प्लासिबो (औषध नसलेली, फक्त तशी दिसणारी गोळी) म्हणजे काय आणि तुम्हाला कधीही बाहेर पडता येते’ हे मराठीत नीट समजावणारी व्यक्ती फार मोलाची असते, आणि औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या नुकत्याच पास झालेल्या मुलापेक्षा तुम्ही ते अधिक चांगले कराल. सहा वर्षे रात्रपाळीत तुम्ही जे शिकलात, म्हणजे घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलणे, केसपेपर वाचणे, सिस्टरांशी जुळवून घेणे, ते इथे कायद्याच्या चौकटीत राहून वापरता येते. ‘गुड क्लिनिकल प्रॅक्टिस’चे, म्हणजे चाचण्या नीट करण्याच्या नियमांचे, प्रशिक्षण ऑनलाइन, थोड्या दिवसांत होते, त्यासाठी लाखभर रुपये मागणाऱ्या संस्थेत जाऊ नका.

दुसरे क्षेत्र माझे स्वतःचे, औषधसुरक्षा. औषध बाजारात आल्यावर जगभरातून दुष्परिणामांच्या तक्रारी येतात. प्रत्येक तक्रार वाचायची, त्यातली घटना ‘मेडड्रा’ या शब्दकोशातल्या ठरावीक संज्ञेत बसवायची, ती गंभीर आहे का, अपेक्षित आहे का आणि औषधाशी तिचा संबंध किती, हे ठरवून संक्षिप्त वृत्तान्त लिहायचा, आणि मुदतीत औषध नियंत्रकांकडे पाठवायचा. चाचणीतली जीवघेणी व अनपेक्षित घटना असेल तर बहुतेक देशांत ही मुदत सात दिवसांची असते. आम्ही मुलाखतीत एक पानभर इंग्रजी वृत्तान्त देतो आणि ‘यात सर्वांत आधी काय झाले?’ एवढेच विचारतो. औषध कधी सुरू झाले, ताप कधी आला, यकृताचे अहवाल कधी बिघडले हा कालक्रम लावणे वैद्यकीय शिक्षण झालेल्याला जमते, इतरांना ते शिकवावे लागते. यात प्रवेश सहसा ‘केस प्रोसेसिंग’ने, म्हणजे तक्रारी नोंदवण्याच्या कामाने, होतो आणि सुरुवातीचा पगार बी.फार्म. झालेल्यांच्या बरोबरीचा असतो. वरचे ‘मेडिकल रिव्ह्यूअर’ हे पद बहुतेक कंपन्या नोंदणीकृत डॉक्टरलाच देतात, त्यामुळे नोंदणी झाली नाही तर तुमची बढती गुणवत्ता तपासणी, प्रशिक्षण किंवा गटप्रमुख या बाजूने होईल. हे आधी माहीत असले की नंतर मन खट्टू होत नाही. माझ्या गटात अशीच एक विदुषी होती, चीनमधून शिकून आलेली, पाच वेळा चाळणी परीक्षेत हुकलेली; चार वर्षांत ती तीस जणांच्या कामाची गुणवत्ता पाहू लागली आणि तिचा ‘नाही’ अंतिम मानला जाऊ लागला.

आरोग्य विम्याचे दावे तपासणे हे तिसरे मोठे क्षेत्र, आणि ते तुमच्या आजच्या जागेवरूनच सुरू करता येते. २०२४ मध्ये विमा नियामकाने कॅशलेस मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत देण्याचा नियम केला, तेव्हापासून विमा कंपन्या, टीपीए (विमा कंपन्यांच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्था) आणि रुग्णालयांचे विमा कक्ष या तिन्ही ठिकाणी डिस्चार्ज समरी भराभर वाचून समजणाऱ्या माणसांची गरज वाढली आहे. दाखल करण्याची गरज होती का, आजार आधीपासूनचा होता का, बिल उपचाराशी जुळते का, हे पाहायचे. रुग्णालयाच्या बाजूने बसलात तर मंजुरी नीट लिहिणे आणि विमा कंपनीच्या ‘क्वेरी’ला उत्तर देणे हे काम असते. तुमच्या रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असेल तर तिच्या कक्षात सहा महिने बसूनही बरेच शिकता येईल. इथे बीएएमएस आणि बीएचएमएस झालेल्यांशी स्पर्धा आहे आणि काही कंपन्या नोंदणी क्रमांक मागतात, हे खरे.

मेडिकल कोडिंगबद्दल तुम्ही कुठेतरी वाचलेले दिसते. अमेरिकन विम्यासाठी निदान आणि उपचारांना सांकेतिक क्रमांक देण्याचे हे काम आहे. त्याची सीपीसी ही परीक्षा शंभर प्रश्नांची, चार तासांची असते आणि सत्तर टक्क्यांना उत्तीर्ण होता येते. प्रवेश सोपा आहे, म्हणून गर्दीही आहे, आणि यातले साधे काम संगणकाकडे जाऊ लागले आहे. कर्जाचे हप्ते तातडीने भरायचे असतील तर वर्ष-दीड वर्षासाठी करा, पण यावर तीस वर्षांची योजना आखू नका.

रुग्णालय प्रशासन आणि सार्वजनिक आरोग्य यांची पदव्युत्तर वाट दीर्घ पल्ल्यासाठी सर्वांत चांगली आहे. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था रुग्णालय प्रशासन आणि सार्वजनिक आरोग्य या दोन्ही विषयांत पदव्युत्तर शिक्षण देते, पुण्यात सिम्बायोसिसची आरोग्यविज्ञान संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे, देवनारला लोकसंख्याशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, आणि तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र सार्वजनिक आरोग्यासाठी नावाजलेले आहे. या मार्गाने गेलेली माणसे रुग्णालयांच्या गुणवत्ता विभागांत, एनएबीएच या रुग्णालयांच्या गुणवत्ता मानांकनाच्या कामात, स्वयंसेवी संस्थांत आणि संशोधन प्रकल्पांत दिसतात. मात्र सरकारी वैद्यकीय अधिकारी किंवा समुदाय आरोग्य अधिकारी या पदांच्या जाहिराती पाहून त्यांच्या मागे जाऊ नका; पहिल्याला नोंदणी लागते आणि दुसऱ्याला महाराष्ट्रात आयुर्वेद, युनानी किंवा परिचर्या अशा ठरावीक पदव्या.

इथे एक खाचखळगा आहे आणि त्यात पडून लोकांचे वर्ष आणि शुल्क दोन्ही बुडाले आहे. माहितीपत्रकात ‘कोणत्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी’ असे असते. परदेशी पदव्यांना सर्वसाधारण समकक्षता देणारे कार्यालय वेगळे आहे, पण वैद्यकशास्त्राच्या पदव्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अखत्यारीत येतात, आणि आयोगाच्या दृष्टीने चाळणी परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंत तुमच्या पदवीला इथे व्यवसायासाठी मान्यता नाही. या दोन कार्यालयांच्या मधल्या फटीत तुम्ही उभ्या आहात. त्यामुळे प्रवेश परीक्षा देण्यापूर्वी संबंधित संस्थेच्या कुलसचिवांना, पदवी आणि गुणपत्रिकांच्या अपोस्टील केलेल्या (परदेशात वापरण्यासाठी अधिकृतपणे प्रमाणित) प्रती जोडून, ‘चाळणी परीक्षा अनुत्तीर्ण असताना या पदवीवर आपल्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळेल का’ असा थेट प्रश्न लिहा आणि लेखी उत्तर हातात आल्याशिवाय शुल्क भरू नका. दूरध्वनीवर प्रवेश विभागातली व्यक्ती ‘हो, चालेल’ म्हणाली याला काही किंमत नाही. खासगी कंपन्यांत हा अडथळा सहसा येत नाही. त्या पदवीची खातरजमा थेट विद्यापीठाकडून करून घेतात. म्हणून क्लिनिकल रिसर्च किंवा औषधसुरक्षेत आधी दोन वर्षे काम आणि मग पदव्युत्तर शिक्षण हा क्रम तुमच्यासाठी अधिक सुरक्षित आहे.

अर्ज कसा लिहायचा हेही सांगतो, कारण तिथेच बहुतेक जण अडखळतात. परीक्षेतली अपयशे लपवू नका आणि त्यांची यादीही देऊ नका. ‘२०१९ मध्ये वैद्यकीय पदवी, भारतात वैद्यकीय नोंदणी नाही, रुग्णसेवेतर भूमिकेसाठी अर्ज’ अशी एक सरळ ओळ वरच लिहा. मी निवड करत होतो तेव्हा हे वाक्य ज्यांनी स्वतःहून लिहिले होते, त्यांना मुलाखतीला बोलावताना कधी कचरलो नाही. मधली सहा वर्षे ज्यांनी ‘ड्यूटी डॉक्टर’ म्हणून दाखवली, त्यांना मात्र नाकारावे लागले, कारण ते कायद्याने असूच शकत नव्हते.

घरच्यांविषयी तुम्ही फक्त एक ओळ लिहिली आहे, की वडील अजूनही गावात ‘माझी डॉक्टर मुलगी’ म्हणून ओळख करून देतात आणि तुम्हाला खोलीतून बाहेर यावेसे वाटत नाही. जमीन विकून किंवा कर्ज काढून पाठवलेल्या मुलांवर हे ओझे किती असते हे मी जवळून पाहिले आहे. वडिलांना परीक्षेचा निकाल सांगण्याऐवजी वर मांडलेला ७२ आणि १०० चा हिशेब कागदावर काढून दाखवा. आकडे समोर असले की रागावणे आणि रडणे दोन्ही कमी होते, असा माझा अनुभव आहे. खोलीतून बाहेर न येणे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, झोप आणि भूक गेली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर अभ्यास आणि अर्ज दोन्ही बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

या आठवड्यात करण्यासारखी तीन कामे आहेत. रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना भेटून या महिन्यापासून रात्रपाळीत रुग्ण तपासणार नाही हे लेखी कळवा आणि विमा कक्षात जागा मागा. पदवी, सर्व गुणपत्रिका, पात्रता प्रमाणपत्र आणि पारपत्राच्या जुन्या प्रती एका फायलीत लावा. आणि पहिली सराव परीक्षा येत्या रविवारी, दोन्ही भाग एकाच दिवशी, खात्री-अंदाजाच्या खुणांसह द्या. खात्रीच्या खुणा किती आणि त्यांतल्या बरोबर किती, हे दोन आकडे मला कळवा. पुढचे सहा महिने कसे वाटायचे ते त्यावरून ठरवता येईल.